जिभेवरची साखर आणि रक्तातली साखर

मी बोरिवलीहून बोलतेय. इथल्या राष्ट्रीय उद्यानाला लागून ज्या वस्त्या आहेत, तिथले बचत गट मी बघते. आज मी तुम्हाला एका पानाची गोष्ट सांगणार आहे. पान अंगठ्याएवढं, पण गोष्ट दीडशे वर्षांहून जुनी. आणि ती सांगावीशी वाटली ती आमच्याच गटात जे घडलं त्यामुळे.

गेल्या श्रावणातली बैठक होती. हप्ते गोळा झाले, पासबुकं लिहून झाली, आणि आतल्या पाड्यावरच्या आमच्या एक वारली मावशी पदराची गाठ सोडून हिरवी पानं वाटायला लागल्या. म्हणाल्या, "चावा नीट. मग गूळ खा, आणि सांगा मला कसा लागतो." आम्ही चावली. कडवट चव. मग गुळाचा खडा तोंडात टाकला, तर गोडी कुठेच नाही! ओली वाळू तोंडात धरावी तसं. कुणीतरी साखर आणली, तीही वाळूच. चिंच मात्र आंबट लागत होती आणि मीठ खारट. एवढी एक गोडी तेवढी गेली होती. बायका हसून हसून लोळल्या. पाऊण तासाने चहा झाला, तोवर गोडी हळूहळू परत आली होती.

हे पान म्हणजे गुडमार. नावातच सगळं आहे, गुळाला मारणारं. आपल्याकडे कुठे याला बेडकीचा पाला म्हणतात, कुठे कावळी, आणि वैद्य मधुनाशिनी म्हणतात. झाडावर चढणारा वेल आहे, कोकणात आणि सह्याद्रीत सापडतो.

त्या हसण्यात एक ताई हसत नव्हत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "मी म्हणूनच गोळ्या बंद केल्यात. चार महिने झाले. ह्याचीच पूड घेते. साखर जिभेवरच मरते, तर आत जाऊन काय करणार?" दोन-चार जणींनी माना डोलावल्या. आणि मी, गटाची समन्वयक, गप्प बसले. खरं सांगते, मला उत्तर येत नव्हतं. पान आम्ही नुकतंच चावलेलं होतं, गूळ वाळूसारखा लागलेला होता. डोळ्यांदेखत झालेल्या गोष्टीला खोटं कसं म्हणायचं?

दिवाळीच्या आधी त्या ताईंच्या पायाला चप्पल लागून फोड आला. दुखत नव्हता, म्हणून त्यांनी लक्ष दिलं नाही. साखर वाढलेली असली की पायाच्या नसा बधिर होतात, दुखणंच कळत नाही. दवाखान्यात नेलं तेव्हा उपाशीपोटीची शुगर तीनशेच्या वर होती. पाय वाचला. एक बोट गेलं.

त्यानंतर मी वाचायला बसले. माझी बी.ए. इतिहास विषय घेऊन झालेली, डॉक्टरकी मला येत नाही. पण एखादी गोष्ट कुणी, कधी, कशी पडताळली हे शोधायला इतिहासवाल्यांना शिकवतात, तेवढं मी केलं.

साखरेचा आजार आपल्याकडे फार जुना. चरक आणि सुश्रुत यांच्या ग्रंथांत प्रमेहाचे वीस प्रकार दिलेत, त्यातला एक मधुमेह. रोग्याच्या लघवीला मुंग्या लागतात, ही खूण तेव्हाच नोंदवलेली आहे. प्रयोगशाळा नव्हती, पण मुंगी होती. मला हे फार आवडतं. आजार आहे की नाही हे त्यांनी रोग्याच्या सांगण्यावर सोडलं नाही, बाहेरची खूण बघितली.

औषधांच्या जुन्या यादीत मेषशृंगी हे नाव येतं. शेंगा मेंढ्याच्या शिंगांसारख्या, म्हणून मेषशृंगी. पुष्कळ जण ती म्हणजे गुडमारच असं मानतात. पण आपल्या महाराष्ट्रात मेढशिंगी नावाचं एक झाडही आहे, चांगलं उभं झाड, वेल नाही. वैद्यांचाच यावर वाद आहे. म्हणजे बाजारात तुम्ही एका नावाने मागाल आणि दुकानदार दुसरंच काही देईल. पूड केल्यावर सगळं हिरवंच दिसतं, ओळखणार कोण?

इंग्रजांच्या काळात ही गोष्ट पहिल्यांदा कागदावर आली. 1840 च्या दशकात एजवर्थ नावाच्या, वनस्पतींचा नाद असलेल्या एका अधिकाऱ्याने हे पान चावून बघितलं आणि लिहून ठेवलं की त्यानंतर साखरेची चव लागत नाही. आमच्या बैठकीत झालं तेच. पुढे 1887 मध्ये उटकमंडच्या सरकारी प्रयोगशाळेत डेव्हिड हूपर या रसायनतज्ज्ञाने पानातून तो पदार्थ वेगळा काढला. त्याला जिम्नेमिक आम्ल असं नाव मिळालं. जिभेवर गोड ओळखणाऱ्या ज्या जागा असतात, तिथे हा पदार्थ थोडा वेळ जाऊन बसतो. दाराला आतून कडी घातल्यासारखं होतं. साखर दाराशी येते, आत शिरत नाही, म्हणून मेंदूला गोड कळत नाही. पण बायांनो, साखर कुठे गेली? कुठेच नाही. ती तोंडातच आहे. गिळली की पोटात, पोटातून रक्तात. जिभेने ओळखलं नाही म्हणून ती संपली, असं होत नाही. सर्दीत वास येत नाही म्हणून भाजी करपायची थांबते का?

इथपर्यंत आल्यावर मला वाटलं, झालं, ताईंना उत्तर मिळालं. पण इतिहास एवढा सोपा नव्हता. लोक गुडमार फक्त जिभेसाठी घेत नव्हते, साखरेच्या आजारावरही घेत होते. मग रक्तात काही होतं का, हा वेगळा प्रश्न. तो सोडवायला रक्तातली साखर मोजता यायला हवी होती, आणि ते सहजपणे विसाव्या शतकातच जमायला लागलं.

1928 साली कोलकात्यात डॉ. चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुडमारच्या पानांची पूड मधुमेहाच्या रुग्णांना देऊन बघितली. साखर मोजली. त्यांना फरक दिसला नाही.

दोनच वर्षांनी, 1930 मध्ये, आपल्या मुंबईतून दुसरा अभ्यास छापून आला. परळची हाफकिन इन्स्टिट्यूट तुम्हाला ठाऊक असेल, प्लेगची लस ज्यांनी केली त्या हाफकिन यांच्या नावाची. तिथे फादर कायस नावाचे एक ख्रिस्ती धर्मगुरू औषधी वनस्पतींवर काम करायचे, आणि त्यांच्या जोडीला होते डॉ. के. एस. म्हसकर. या दोघांनी गुडमारवर एक सबंध पुस्तिका लिहिली. त्यांना प्राण्यांमध्ये साखर उतरलेली दिसली. बहुधा स्वादुपिंडाला चालना मिळून जास्त इन्सुलिन सुटत असावं, असा त्यांचा अंदाज.

आता बघा, कोलकाता म्हणतं नाही, मुंबई म्हणते हो. एक माणसांवरचं, एक प्राण्यांवरचं. पान तेच, पण कुठलं, कधी तोडलेलं, किती दिलेलं, ते वेगळं. खोटारडं कुणीच नव्हतं. दोघांनीही मोजून सांगितलं होतं, आणि म्हणूनच पुढच्यांना पुन्हा मोजून बघता आलं.

या म्हसकर-कायस जोडीबद्दल आणखी सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. हे दोघं काही झाडपाल्याचे वैरी नव्हते. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर हे आपले मराठी लष्करी डॉक्टर, वनस्पतींचे मोठे जाणकार. त्यांनी आणि मेजर बसू यांनी भारतातल्या औषधी वनस्पतींचा मोठा ग्रंथ केला. तो 1918 मध्ये छापून आला, तेव्हा कीर्तिकर हयात नव्हते. त्याची दुसरी, वाढवलेली आवृत्ती 1933 ते 1935 मध्ये निघाली, ती तयार करणाऱ्यांत कायस आणि म्हसकर दोघेही होते. म्हणजे झाडपाल्यावर आयुष्य घालवलेली माणसं. याच दोघांनी 1931 मध्ये सापाच्या विषावरची औषधं तपासली. देशभरात सर्पदंशावर ज्या ज्या मुळ्या, साली, पाले देतात, त्यातल्या तीनशेहून जास्त वनस्पती घेतल्या, त्यांची मिश्रणंही घेतली, आणि विषावर एकेक लावून बघितली. एकही चालली नाही. एकही! आणि त्यांनी ते तसंच छापलं. गावाकडे अजून साप चावला की आधी पाला लावतात, मग दवाखाना. 1931 ला मुंबईत याचं उत्तर मिळालेलं आहे.

आता तुम्ही म्हणाल, मग झाडपाल्यात काही नाहीच का? आहे, आणि तुमच्यातल्या कित्येकींच्या घरी ते रोज घेतलं जातं. मेटफॉर्मिन. प्राथमिक आरोग्य केंद्रात शुगरसाठी देतात ती पांढरी गोळी. तिची आजी एक वनस्पती आहे. युरोपात गोट्स रू नावाचं झुडूप होतं, जांभळट फुलांचं. जुन्या काळी तिथले लोक ते वारंवार लघवी होणाऱ्याला द्यायचे. पण ते झुडूप विषारी, मेंढ्यांनी खाल्लं तर मेंढ्या दगावायच्या. 1918 मध्ये वातानाबे नावाच्या शास्त्रज्ञाने दाखवलं की ग्वानिडिन नावाच्या पदार्थाने सशांची साखर उतरते. त्याच कुळातला पदार्थ या झुडपातही होता. पण गुणाबरोबर विषही. मग त्या साच्यावर कमी विषारी पदार्थ बनवायचे प्रयत्न झाले आणि 1922 मध्ये डब्लिनच्या प्रयोगशाळेत मेटफॉर्मिन तयार झालं.

त्याच 1922 च्या जानेवारीत कॅनडात टोरंटोला चौदा वर्षांच्या एका मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं गेलं आणि मरणाला टेकलेला तो मुलगा जगला. सगळं जग इन्सुलिनकडे धावलं. मेटफॉर्मिन मागे पडलं. 1957 मध्ये पॅरिसचे डॉ. झाँ स्टर्न यांनी ते रुग्णांना देऊन निकाल छापले तेव्हा ते पुन्हा वर आलं. अमेरिकेत परवानगी मिळायला तर 1990 चं दशक उजाडलं. म्हणजे पाल्यापासून गोळीपर्यंतचा रस्ता असा शेकडो वर्षांचा. त्या रस्त्यात विष बाजूला काढलं गेलं, मात्रा ठरली, कुणाला द्यायचं नाही तेही कळलं. ताई म्हणत होत्या, "मला गोळी नको, झाडपाला हवा." त्यांच्या हातातली गोळी झाडपाल्यातूनच आलेली होती.

आमच्याकडे जूनमध्ये बोरिवली स्टेशनबाहेर टोपल्या लागतात. पानाच्या द्रोणात टपोरी जांभळं घेऊन बायका बसतात, आणि प्रत्येकीच्या तोंडी एकच, "शुगरला चांगली, घ्या." पालघरकडच्या बहाडोलीच्या जांभळाला तर आता भौगोलिक मानांकनही मिळालंय. जांभळाच्या बियांची पूड मधुमेहावर द्यायची आपली जुनी रीत. 1880 च्या दशकात ती युरोपातल्या डॉक्टरांपर्यंत पोहोचली आणि त्यांनी कुत्र्यांवर प्रयोगही केले. आपलं जांभूळ तिकडे ब्राझीलमध्येही रुजलंय, आणि तिथले लोक मधुमेहावर त्याच्या पानांचा चहा पितात. तिथल्या डॉक्टरांनी या शतकाच्या सुरुवातीला रुग्णांचे गट पाडले. काहींना साखरेची नेहमीची गोळी दिली, काहींना जांभळाच्या पानांचा चहा. कुणाला काय मिळतंय हे रुग्णांना कळू दिलं नाही. गोळीवाल्यांची साखर उतरली, चहावाल्यांची नाही. आता तो पानांचा चहा, आपली बियांची पूड, त्यामुळे बियांना त्यावरून बाद करता येत नाही. पण बियांच्या भरवशावर गोळी सोडायला आधारही मिळत नाही. जांभूळ फळ म्हणून छान आहे. मुठभर खावं, आणि विकणाऱ्या बाईशी फार घासाघीस करू नये, पहाटे झाडाखाली वेचून पहिल्या गाडीने आलेली असते ती.

गुडमारकडे परत येते. 1990 मध्ये चेन्नईच्या संशोधकांनी 22 रुग्णांना दीड वर्षाहून जास्त काळ गुडमारचा अर्क दिला. नीट ऐका, गोळ्या बंद करून नाही, गोळ्यांच्या जोडीने दिला. साखर कमी झाली, बऱ्याच जणांच्या गोळ्यांची मात्रा कमी करता आली आणि 5 जणांच्या गोळ्या डॉक्टरांनी बंद केल्या. ऐकायला मोठं वाटतं. पण रुग्ण 22, आणि कुणाला अर्क द्यायचा हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नव्हतं. दीड वर्ष दवाखान्यात नियमित येणाऱ्याची साखर पथ्यानेही सुधारू शकते. बिबळ्याच्या लाकडाचा पेला तुम्ही जत्रेत पाहिला असेल, रात्री पाणी भरून सकाळी प्यायचं. त्या बिबळ्यावर, म्हणजे विजयसारवर, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने 1998 मध्ये अहवाल छापला. नव्यानेच आजार कळलेल्या 97 रुग्णांपैकी 67 जणांची साखर 12 आठवड्यांत आटोक्यात आली. पण तिथेही समोर तुलनेला दुसरा गट नव्हता. शिवाय आजार नुकताच लागलेला होता, दहा वर्षांचा मुरलेला नव्हता.

म्हणून गुडमारबद्दल आज इतकंच म्हणता येतं: आशा आहे, भरवसा नाही.

आणि या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. पेशंट दवाखान्याच्या नजरेखाली होते, साखर मोजली जात होती, चढली तर सांभाळायला माणसं होती. आमच्या ताईंची पूड एका फेरीवाल्याकडची होती. पुडीवर ना झाडाचं नाव नीट, ना तारीख. अशा काही पुड्यांत इंग्रजी गोळ्यांचं औषध गुपचूप मिसळलेलं तपासणीत सापडलेलं आहे. मग माणसाला वाटतं, पाला लागू पडला! आणि उलट बाजूही आहे. गोळी चालू ठेवून वरून गुडमार घेतलं तर काही वेळा साखर जास्तच उतरू शकते. दरदरून घाम, हात थरथरणं, डोळ्यांपुढे अंधारी, अशी लक्षणं दिसली तर लगेच साखरपाणी द्या आणि दवाखाना गाठा. शेतात एकटी असाल तर जवळ गुळाचा खडा ठेवा. आणि पान चावलेलं असेल तर तो गोड लागणार नाही, तरीही खा! काम तो करतोच. काही पाला, काढा घेत असाल तर डॉक्टरांना सांगा. ओरडतील म्हणून बायका लपवतात. ओरडू देत.

तीस वर्षांपुढच्या सगळ्यांची साखर उपकेंद्रात, आरोग्य केंद्रात फुकट तपासतात. आशाताईला विचारा. आमच्या गटात आता महिन्याच्या एका बैठकीत पासबुकाबरोबर शुगरचा आकडाही वहीत लिहितो, ज्यांना आहे त्यांचा. कर्जाचा हप्ता जसा अंदाजाने लिहीत नाही, तसा हाही नाही. सुरुवातीला दोघी-तिघी लाजल्या. आता एकमेकींचे आकडे विचारतात आणि लग्नाच्या पंगतीत जिलेबी घेतली म्हणून एकमेकींना दमही देतात.

एक रुखरुख मात्र आहे. एजवर्थ, हूपर, चोप्रा, म्हसकर, कायस, सगळ्यांची नावं मला सापडली. पण हे पान चाव म्हणून एजवर्थला सांगणारं कोण होतं, ते मला कुठे वाचायला मिळालं नाही. आता जैवविविधता कायदा आहे, 2002 चा. त्याखाली गावोगावी समिती असते आणि लोक जैवविविधता नोंदवही करायची असते, गावातली झाडं आणि त्यांची माहिती लिहिण्यासाठी. 2004 च्या नियमांत या समितीत एक तृतीयांश बायका हव्यात असं होतं. तुमच्या ग्रामपंचायतीत ती वही आहे का, आणि त्यात कुणाची माहिती लिहिली आहे, हे एकदा बघून या.

त्या ताई आता गोळ्या नियमित घेतात. परवाच्या बैठकीत आकडा दीडशेच्या आत होता. चालताना थोडं लंगडतात. मी त्यांची माफी मागितली, श्रावणात गप्प बसले म्हणून. त्या म्हणाल्या, "तू सांगितलं असतंस तरी मी ऐकलं नसतं गं."

आणि पाड्यावरच्या मावशी? मी त्यांना एकदा सरळच विचारलं, तुम्ही हे पान कशासाठी ठेवता? त्यांच्या झोपडीच्या कुडावरच वेल चढवलाय, कारण उद्यानातून पान तोडायला बंदी आहे. त्यांनाही शुगर आहे हे मला तेव्हा कळलं. म्हणाल्या, "गोळी तर मी दवाखान्यातली घेते, दोन वेळ. पान चावते ते चहाच्या आधी. सूनबाई साखर घालते सवयीने. पान चावलं की तो चहा पाणचट लागतो, दुसरा कप मागावासाच वाटत नाही."